मैदानाच्या वाटेने विद्यापीठात

१९४२ च्या डिसेंबरच्या २ तारखेला शिकागो विद्यापीठाच्या स्टॅग मैदानावर, पश्चिमेकडील प्रेक्षागाराच्या खाली असलेल्या एका खेळाच्या बंदिस्त जागेत, एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातील पहिली स्वयंपोषित अणुसाखळी प्रक्रिया घडवून आणली. अणुयुगाचा हा जन्म ज्या मैदानाच्या पोटात झाला, त्या मैदानावरून फुटबॉलची हकालपट्टी होऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती. पुढे ते प्रेक्षागारही पाडले गेले आणि आज त्या जागी विद्यापीठाचे मोठे ग्रंथालय उभे आहे. विद्यापीठाने खेळ की विद्या यांपैकी एकाची निवड करावी आणि ती निवड विटा-दगडांत दिसावी, असा प्रसंग विरळा. अमेरिकेतील इतर विद्यापीठांना, त्यातही ज्यांना आपल्या विद्वत्तेचा अभिमान आहे अशांना, ही निवड करणे आजपर्यंत जमलेले नाही. किंबहुना ती करायचीच नाही, असा त्यांचा निश्चय आहे. आणि या निश्चयापायी सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या प्रवेशाचे जे विलक्षण शास्त्र तेथे तयार झाले आहे, ते पाहण्यासारखे आहे.

येथे फुटबॉल म्हणजे मुंबईच्या कूपरेजवर खेळला जातो तो खेळ नव्हे. शिरस्त्राण आणि खांद्यावर गाद्या चढवलेले अकरा-अकरा गडी, अंडाकृती चेंडू, आणि तो हातात घेऊन वा फेकून शंभर यार्डांच्या मैदानावर तसूतसूने पुढे सरकण्याची धडपड, असा हा खेळ आहे. पायाचा संबंध त्यात नावापुरताच. त्याचा जन्म मात्र विद्यापीठांतच झाला. १८६९ च्या नोव्हेंबरात रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन संस्थांचा जो सामना झाला, तो पहिला मानला जातो. खेळाचे नियम बांधले ते येलच्या वॉल्टर कँप यांनी. म्हणजे व्यावसायिक खेळाने विद्यापीठात शिरकाव केला, हा सर्वसाधारण समज उलटा आहे. विद्यापीठानेच हा खेळ वाढवला, आणि वाढलेले पोर पुढे बापाला जुमानेनासे झाले.

शिकागोची गोष्ट या दृष्टीने बोलकी आहे. १८९२ मध्ये रॉकफेलर यांच्या पैशावर हे विद्यापीठ सुरू झाले, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी एमॉस अलोन्झो स्टॅग या येलच्या खेळाडूला बोलावून घेतले आणि त्याला प्राध्यापकवर्गात स्थान दिले. नव्या विद्यापीठाचे नाव चारचौघांच्या तोंडी व्हावे, हा हेतू उघड होता आणि तो सफलही झाला. स्टॅग चार दशके तेथे राहिले. उत्तम महाविद्यालयीन खेळाडूला मिळणारे, पुढे हाइसमन यांच्या नावाने प्रसिद्ध झालेले पारितोषिक १९३५ मध्ये पहिल्यांदा दिले गेले, ते शिकागोच्याच जे बरवँगर याला. पण तोवर रॉबर्ट मेनार्ड हचिन्स विद्यापीठाचे अध्यक्ष झाले होते. प्रवेशाच्या आणि अभ्यासाच्या अटी सैल करायला ते तयार नव्हते. डिसेंबर १९३८ मध्ये त्यांनी एका लोकप्रिय साप्ताहिकात लेख लिहून विद्यापीठीय खेळातील पैशावर कोरडे ओढले. तिकीट दहा सेंटवर आणा म्हणजे रोग आपोआप बरा होईल, असा एक उपाय त्यांनी सुचवला होता. पुढच्याच हंगामात मिशिगनने शिकागोचा ८५-० असा धुव्वा उडवला, हार्वर्डने ६१-० असा. डिसेंबर १९३९ मध्ये हचिन्स यांनी संघच बंद केला. विद्यापीठ पातळीवरचा संघ पुन्हा उभा राहिला तो १९६९ मध्ये, आणि तोही क्रीडाशिष्यवृत्त्या न देणाऱ्या छोट्या संस्थांच्या पंक्तीत.

हचिन्स यांचे अनुकरण इतरांनी का केले नाही? त्यांच्यापूर्वी दहा वर्षे, १९२९ मध्ये, कार्नेगी प्रतिष्ठानाने विद्यापीठीय खेळांची सविस्तर चौकशी करून अहवाल प्रसिद्ध केला होता. खेळाडूंना आमिषे दाखवून गोळा करण्याचा आणि त्यांना आडमार्गाने पैसे पुरवण्याचा प्रघात तपासलेल्या बहुसंख्य संस्थांत आढळला, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. अहवाल वाचला गेला, वर्तमानपत्रांत गाजला आणि फडताळात गेला. माजी विद्यार्थ्यांची निष्ठा, त्यांच्या देणग्या, गावाचा अभिमान, शनिवारची जत्रा हे सारे या खेळाला बांधलेले होते. आणि यात केवळ पैसाच आहे, असे म्हणणेही अन्यायाचे होईल. १२ सप्टेंबर १९६२ रोजी राष्ट्राध्यक्ष केनेडी ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात चंद्रावर जाण्याचा संकल्प सांगायला उभे राहिले, ते फुटबॉलच्याच मैदानावर. अवघड गोष्टी माणूस का करतो, याची उदाहरणे देताना उंच शिखरे आणि अटलांटिकवरचे उड्डाण यांच्या जोडीला त्यांनी विचारले की, राइस टेक्सासशी का खेळते? राइस हे छोटे, कठीण अभ्यासाचे विद्यापीठ, टेक्सास अवाढव्य. श्रोते हसले. पण त्याच वर्षी ऑक्टोबरात राइसने देशात पहिल्या क्रमांकावर असलेल्या टेक्सासला १४-१४ असे बरोबरीत रोखले. असल्या एका दुपारसाठी माणसे वीस-वीस वर्षे पराभव सोसतात, हे क्रिकेटवेड्या महाराष्ट्राला समजावून सांगण्याची गरज नाही.

तेव्हा संघ ठेवायचा, पण प्रवेशाचा उंबरठा खाली आणायचा नाही, असा हा पेच आहे. स्टॅनफर्ड, नोत्र दाम, नॉर्थवेस्टर्न, ड्यूक, व्हँडरबिल्ट, राइस ही मंडळी शिष्यवृत्त्या देऊन मोठ्या संघांच्या रिंगणात उतरतात. हार्वर्ड-येल-प्रिन्स्टनादी आठ विद्यापीठे, म्हणजे आयव्ही लीग, शिष्यवृत्ती न देता आपापसांत खेळतात. दोघांनाही खेळाडूंची भरती करावी लागतेच.

सर्वसाधारण बलाढ्य विद्यापीठात प्रशिक्षकाला मुलगा पसंत पडला आणि राष्ट्रीय क्रीडासंघटनेने घातलेली किमान पात्रता त्याने गाठली, की प्रवेश हा उपचार उरतो. कडक विद्यापीठात प्रशिक्षकाचा होकार म्हणजे अर्धाच होकार. तेथे खेळाची चित्रफीत मागवण्याआधी किंवा तिच्याबरोबरच गुणपत्रिका मागवली जाते. शाळेत कोणते विषय घेतले, अवघड पातळीचे वर्ग घेतले की सोपे निवडले, हे पाहिले जाते. मग कागद प्रवेश कार्यालयाकडे जातात, आणि तेथला अधिकारी प्रशिक्षकाच्या हाताखालचा नसतो. देशात दरवर्षी हजारो मुले मैदानावर चमकतात; या चाळणीतून खाली उतरणारी मोजकीच असतात, आणि त्या मोजक्यांच्या मागे हीच पाच-दहा विद्यापीठे लागलेली असतात. प्रशिक्षक आईवडिलांना सांगतो की, हा चार वर्षांचा नव्हे, चाळीस वर्षांचा निर्णय आहे. हे वाक्य आता इतके घासले गेले आहे की त्याचा तांब्या चकचकीत दिसतो. पण ते खोटे आहे असे म्हणवत नाही. व्यावसायिक संघांत पोहोचणारे खेळाडू शेकड्यात दोनही नसतात. गुडघा एका क्षणात जातो, पदवी जात नाही.

आयव्ही लीगने या भरतीसाठी जे गणित बसवले आहे, ते परीक्षापद्धतीशी आयुष्यभर झगडणाऱ्या कोणाही शिक्षकाच्या कुतूहलाचा विषय ठरेल. १९४५ च्या फुटबॉलपुरत्या कराराला १९५४ मध्ये सर्व खेळांसाठी व्यापक रूप मिळाले. खेळासाठी म्हणून शिष्यवृत्ती द्यायची नाही आणि खेळाडू हा एकूण विद्यार्थिवर्गाचाच नमुना असावा, ही त्याची दोन सूत्रे होती. दुसरे सूत्र पाळले जाते की नाही, हे ठरवणार कसे? म्हणून १९८० नंतरच्या दशकात विद्या-निर्देशांक आला. शाळेतील गुण आणि प्रवेशपरीक्षेतील गुण यांवरून प्रत्येक मुलाचा एक आकडा काढायचा, आणि भरती झालेल्या खेळाडूंची सरासरी विद्यापीठाच्या सरासरीपेक्षा ठरावीक अंतराहून खाली जाऊ द्यायची नाही. फुटबॉलसाठी तर आकड्यांचे पट्टे पाडलेले असतात आणि कोणत्या पट्ट्यातून किती मुले घ्यायची, हेही ठरलेले असते. २००३ मध्ये दरसाल घ्यायच्या फुटबॉलपटूंची संख्याही ३५ वरून ३० वर आणली गेली.

नियम चोख, पण जेथे सरासरी आली तेथे सरासरीची युक्तीही आली. ज्याच्या पायात वारा आहे पण आकडा कमी आहे, असा मुलगा हवा असेल, तर प्रशिक्षक उत्तम गुणांचा, बेताच्या खेळाचा दुसरा मुलगा शोधतो. हा दुसरा मुलगा चार वर्षे बाकावर बसला तरी चालते. त्याचे काम प्रवेशाच्या दिवशीच झालेले असते. एकाच्या गुणपत्रिकेने दुसऱ्याचा उंबरठा ओलांडायचा! या व्यवहारात फसवणूक कोणाची होत नाही, दोघांनाही नामांकित विद्यापीठ मिळते. तरीही, आपण मैदानासाठी घेतले गेलो की वजनकाट्याच्या पारड्यासाठी, हा प्रश्न त्या बाकावरच्या मुलाला एखाद्या शनिवारी पडत असेलच.

याहून गंभीर गोष्ट वेगळी आहे. गुणपत्रिकेत अवघड विषय दिसले पाहिजेत, हे ठीक; पण ते विषय शाळेत शिकवले तर जावेत! अमेरिकेत अशा कितीतरी शाळा आहेत, विशेषतः गरीब वस्त्यांतल्या आणि खेड्यांतल्या, जेथे कलनशास्त्राचा वर्गच नाही. तेथला हुशार आणि दणकट मुलगा चाळणीच्या वरच अडकतो, आणि खाजगी शाळेतला, महिना-महिना शिकवण्या लावलेला मुलगा अलगद खाली उतरतो. १९८६ पासून राष्ट्रीय संघटनेने पहिल्याच वर्षी खेळू इच्छिणाऱ्यांसाठी प्रवेशपरीक्षेत १६०० पैकी किमान ७०० गुणांची अट घातली, तेव्हाही ही अट काळ्या मुलांनाच अधिक बाधते, असा आक्षेप आला होता. तो वावगा नव्हता. नोत्र दामचा टोनी राइस हा त्याच वर्षीचा मुलगा. ही अट पूर्ण न झाल्याने त्याला पहिल्या वर्षी मैदानाबाहेर राहावे लागले. कॅथलिक पाद्र्यांनी चालवलेले आणि आपल्या शिस्तीचा टेंभा मिरवणारे हे विद्यापीठ; पण त्याने दार उघडले, मुलगा वर्षभर नुसता विद्यार्थी म्हणून राहिला, आणि १९८८ मध्ये क्वार्टरबॅक म्हणून त्यानेच नोत्र दामला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. उंबरठा वाकवला तर घर पडतेच असे नाही, एवढे तरी यातून दिसते. तो किती वाकवायचा आणि कोणासाठी, हा प्रश्न उरतोच.

कारण वाकवलेल्या उंबरठ्याची दुसरी बाजूही नोंदली गेली आहे. प्रिन्स्टनचे माजी अध्यक्ष विल्यम बोवेन यांनी जेम्स शुलमन यांच्याबरोबर २००१ मध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला आणि निवडक विद्यापीठांतील हजारो विद्यार्थ्यांच्या नोंदी तपासून काही अप्रिय निष्कर्ष मांडले. भरतीच्या यादीतील मुलांना प्रवेशात मोठा लाभ मिळतो. त्यांचे प्रवेशसमयीचे गुण कमी असतात हे तर खरेच, पण त्या गुणांवरून जी अपेक्षा करावी तिच्याही खाली ती वर्गात राहतात. आणि मौज अशी की, या प्रश्नाची तीव्रता बलाढ्य फुटबॉल विद्यापीठांपेक्षा छोट्या, अभ्यासू महाविद्यालयांत अधिक असते. तीस हजारांत शंभर खेळाडू विरून जातात. दीड-दोन हजारांच्या महाविद्यालयात सगळ्या खेळांचे संघ उभे करायचे, तर विद्यार्थ्यांतला मोठा हिस्सा खेळाडूंचाच होतो. हार्वर्डच्या प्रवेशपद्धतीविरुद्ध जो खटला २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला, त्यातील आकडेवारीवरूनही असेच काही दिसले. भरतीच्या यादीतल्या खेळाडूंपैकी सुमारे ८६ टक्क्यांना प्रवेश मिळत होता. एरवीचे प्रमाण होते ६ टक्क्यांच्या आसपास. प्रशिक्षकाने आधीच चाळून मुले पुढे धाडलेली असतात, म्हणून हा आकडा जसाच्या तसा घेणे बरोबर नाही. पण त्याच हार्वर्डच्या अर्जासाठी पुण्या-मुंबईचा एखादा मुलगा रात्री जागवतो, तेव्हा त्याला हे वजन ठाऊक नसते.

प्रवेश दिल्यानंतर त्या मुलाचे काय होते, याकडे पाहणे तर अधिकच जिव्हारी लागणारे आहे. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ हे अमेरिकेतील सर्वोत्तम सरकारी विद्यापीठांपैकी एक. ऑक्टोबर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालाने तेथे १९९३ ते २०११ या अठरा वर्षांत केवळ कागदावर चालणारे वर्ग उघडकीस आणले. तास नाही, अध्यापक नाही; शेवटी एक निबंध द्यायचा आणि सढळ गुण घ्यायचे. ३,१०० हून अधिक विद्यार्थ्यांनी ते घेतले आणि त्यांतले जवळजवळ निम्मे खेळाडू होते. खेळाडूंना अभ्यासात मदत करण्यासाठी नेमलेल्यांपैकी काहीजणच त्यांना या वर्गांकडे वळवत होते. क्रीडासंघटनेने २०१७ मध्ये शिक्षा केली नाही. हे वर्ग खेळाडूंशिवाय इतरांनाही खुले होते, म्हणून नियमभंग सिद्ध होत नाही, असा तिचा तर्क. खोट्या वर्गाचे दार सर्वांना खुले होते, हा बचाव ठरावा, यावर भाष्य ते काय करायचे? ज्याला पदवीच्या आशेने आणले, त्याला पदवीचे कवच दिले आणि गाभा काढून घेतला.

तरीही या सर्व काळात कडक विद्यापीठांच्या हातात एक खरे नाणे होते. इतर विद्यापीठे उघडपणे पैसे देऊ शकत नव्हती. शिष्यवृत्ती सर्वत्र सारखीच. तेव्हा स्टॅनफर्डची पदवी ही त्या शिष्यवृत्तीवरची वरकड होती. जिम हारबॉ २००७ मध्ये तेथे प्रशिक्षक झाले, त्यांनी आणि नंतर डेव्हिड शॉ यांनी उंबरठा खाली न आणता देशभर फिरून मुले जमवली आणि स्टॅनफर्डने २०१३ व २०१६ चे रोझ बोल सामने जिंकले. त्यांचा क्वार्टरबॅक अँड्र्यू लक याला २०११ मध्येच व्यावसायिक संघाकडून गडगंज मोबदला मिळाला असता. तो वास्तुरचनेची पदवी पुरी करायला थांबला, आणि २०१२ च्या निवडीत पहिल्या क्रमांकावर उचलला गेला. स्टॅनफर्डच्या प्रशिक्षकांना याहून बोलकी जाहिरात छापून घेता आली नसती.

२०२१ मध्ये हे नाणे एकाएकी हलके झाले. त्या वर्षी जुलैपासून खेळाडूला आपल्या नावाचे आणि प्रतिमेचे पैसे घेण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षी एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाताना वर्षभर बसून राहण्याची अट पहिल्या बदलीपुरती सुटली आणि २०२४ मध्ये ती पूर्णच गेली. ६ जून २०२५ रोजी एका न्यायालयीन तडजोडीला मान्यता मिळाली आणि विद्यापीठांनी स्वतःच खेळाडूंना वर्षाला दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत वाटावेत, असे ठरले. यात अन्याय नाही. उलट फार जुना अन्याय दूर झाला. प्रशिक्षक कोट्यधीश आणि मैदानावर हाडे मोडून घेणारा मात्र हौशी विद्यार्थी, हे ढोंग कधीतरी संपायलाच हवे होते. ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्दच मुळी १९५० नंतरच्या दशकात, जखमी खेळाडूंना कामगार म्हणून भरपाई मागता येऊ नये, यासाठी संघटनेने पुढे आणला होता. पण कडक विद्यापीठांची मात्र यात कोंडी झाली. दरवर्षी निम्मा संघ बदलीने भरायचा तर बाहेरून येणाऱ्याचे आधीचे विषय ग्राह्य धरावे लागतात, आणि स्टॅनफर्डसारख्या ठिकाणी बदलीचे विद्यार्थी मुळातच मोजके घेतले जातात. २०२१ ते २०२४ या चारही हंगामांत स्टॅनफर्डने बारापैकी तीनच सामने जिंकले. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँड्र्यू लक यांनाच सरव्यवस्थापक म्हणून परत बोलावण्यात आले. आयव्ही लीगने तडजोडीत सामील व्हायचेच नाकारले. तिचे उत्तम खेळाडू आता पदवी हातात पडली की उरलेला हंगाम खेळायला दुसरीकडे निघून जातात. एका परीने, पदवी आधी आणि पैसा नंतर हा क्रम त्यांनीच काय तो राखला आहे!

व्हँडरबिल्टने दुसरी वाट धरली. २००३ मध्ये याच विद्यापीठाने, खेळ हे शिक्षणाचेच अंग आहे असे सांगून, स्वतंत्र क्रीडाविभाग मोडून टाकला होता. त्या वेळी त्याचे फार कौतुक झाले. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी याच व्हँडरबिल्टने पहिल्या क्रमांकाच्या अलाबामाला ४०-३५ असे हरवले. विद्यार्थ्यांनी गोलचे खांब उपटून नॅशव्हिलच्या रस्त्यांतून मिरवत नेले आणि कंबरलँड नदीत सोडून दिले. हा विजय मिळवून देणारा क्वार्टरबॅक डिएगो पाविया शाळेतून निघाला तेव्हा एकाही मोठ्या विद्यापीठाला नको होता. न्यू मेक्सिकोतील एका सैनिकी कनिष्ठ महाविद्यालयातून तो तिथल्याच राज्य विद्यापीठात आणि तेथून व्हँडरबिल्टला आला. वर्षअखेर त्याने क्रीडासंघटनेवर दावा लावला. कनिष्ठ महाविद्यालयातील वर्षे खेळाच्या मुदतीत धरू नयेत, अशी त्याची मागणी होती. डिसेंबरात न्यायाधीशांनी त्याच्या बाजूने हंगामी हुकूम दिला आणि २०२५ चा हंगामही तो व्हँडरबिल्टकडूनच खेळला. कोर्टात वाद पदवीचा नव्हता. संघटनेच्या नियमामुळे मुलाची एका हंगामाची मिळकत बुडते की नाही, याचा होता.